पेवात किती जण मावतात

आखातात लढाई जुंपली तेव्हा मी आठ वर्षांची होते. वालूरच्या आमच्या आळीत टीव्ही एकच, शेजारच्या दुकानदारकाकांचा, आणि संध्याकाळच्या बातम्यांना सगळी आळी त्यांच्या ओसरीत. बातम्यांतलं बोलणं मला कळत नसे. पण काळ्या आकाशातल्या ठिणग्या कळल्या, आणि लेकरं काखोटीला मारून तळघरात उतरणाऱ्या बायाही. मोठी माणसं म्हणायची, "ते लय लांब हाय." एवढं लांब आहे तर रोज बघायला कशाला येता, हे मी विचारलं नाही. मोठ्यांच्या बोलण्यावर माझा तेव्हापासूनच भरवसा नाही.

त्याच आठवड्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, अंगणातलं पेव उघडलं. जमिनीच्या पोटात धान्य साठवायचा तो खड्डा. तोंड एवढंसं, आत मिट्ट अंधार. मला टीव्हीतलं तळघर आठवलं.

"अण्णा, हे कशाला उघडायलाव?"

"ज्वारी ठेवायला. दुसरं कशाला?"

ज्वारी तर अजून रानात उभी होती. मला गंडवायलेत, हे मी ओळखलं. घरात आम्ही सहा जण: अण्णा, माय, आम्ही तिघी बहिणी आणि तीन महिन्यांचा भाऊ. सगळे आत मावले नाहीत तर बाहेर कोण राहील, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिघींत मी शेवटची. माझ्या जन्मानंतर मायनं काय काय ऐकून घेतलं होतं, ते माझ्याही कानावर आलं होतं.

दुपारी अंगणात कुणी नाही असं बघून मी पेवाच्या तोंडाशी बसले आणि आत पाय सोडले. तेवढ्यात मागून अण्णांनी दंड धरून मला ओढलं आणि एक ठेवून दिली. बंद पेवात वाईट हवा साचते. आत सोडलेला कंदील विझत नाही हे बघितल्याशिवाय कुणी उतरत नाही. हे मलाही ठाऊक होतं.

"मरायचं हाय का? कशाला उतरायलीस?"

"आपण सगळे मावतो का, ते बघायला. बाँब पडल्यावर."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. खाली बसले, माझ्या गालावरून हात फिरवला.

"येडी. तसं झालंच तर आधी तुला उतरवीन."

मला ते खरं मानायचं होतं, फार मानायचं होतं. पण हे म्हणताना भाऊ त्यांच्या कडेवर होता, आणि मला ओढून काढतानाही त्यांनी त्याला खाली ठेवलं नव्हतं.