हुमनाबादला लागलेली युद्धनौका

आमच्या घराण्यात समुद्र कुणीही पाहिलेला नव्हता, म्हणून युद्धनौकेचं काम आमच्याकडे आलं.

म्हैसूरचं कर्नाटक होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं होतं. मी हुमनाबादच्या एका शाळेत चित्रकलेचा मास्तर होतो. चित्रकलेचा मास्तर म्हणजे हाताचा कसबी, असा लोकांचा समज असतो. मी फळ्यावर केळं, वांगं आणि रांजण एवढ्या तीन वस्तू काढत असे आणि रांजण काढला की पोरं मागून विचारत, "सर, हे बी वांगंच हाय का?" घरात तर मला भिंतीत खिळा ठोकायची बंदी होती. (एकदा ठोकला होता. खिळा राहिला, भिंत गेली.)

त्या उन्हाळ्यात आई, अप्पा आणि मी बिदरजवळ नौबादला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील बिराजदार काका नौदलात वीस वर्षं काढून गावी परतले होते. काकू वारल्या होत्या. घरात काका, मुलगी निर्मला आणि एक युद्धनौका, अशी तीन माणसं राहत. नौका म्हणजे लाकडी प्रतिकृती. काका ज्या जहाजावर होते त्याचीच, हातभर लांब, पांगाऱ्याच्या पातळ पट्ट्या जोडून केलेली. अकरा वर्षं ते एकटे ती करत होते. तोफा होत्या, सुकाणू होतं, बोटाच्या पेराएवढ्या होड्या होत्या. राहिल्या होत्या फक्त दोऱ्या. दोन डोलकाठ्यांना ताणून धरणाऱ्या, झेंडे वर चढवायच्या, रेडिओच्या तारांच्या, कडेच्या कठड्याच्या, अशा त्रेचाळीस. त्या राहिल्या कारण काकांचे हात थरथरायला लागले होते. सुई धरली की सुई दुसऱ्याच गावाला जायची.

निर्मला चहा घेऊन आली आणि मला ती बघताक्षणी आवडली. हे मी आडपडदा न ठेवता सांगतो, कारण पुढे जे काही झालं ते सगळं त्यामुळेच झालं. मी चिवड्याची बशी हातात धरून बसलो आणि खायचं विसरलो. आधी सहा मुलगे काकांनी परत पाठवले होते, हे आम्हाला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं, म्हणून तिनं घाईघाईनं जे तोंडात आलं ते ठोकून दिलं.

"आमच्या वसंताच्या हातात जादू हाय. काय बी द्या, करून देतोय."

अप्पांना ठसका लागला. काका मात्र उठले, माझे दोन्ही हात त्यांनी उलटेसुलटे करून पाहिले (बैलाचे दात बघतात तसे) आणि म्हणाले, "मास्तर, एवढ्या दोऱ्या बांधून द्या. दोन हप्त्यानं मी तुमच्याकडं येतो. जहाज बघतो, मग सुपारी फोडू."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण तेवढ्यात निर्मलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यात काय अवघड आहे?"

परतीच्या बसमध्ये मी धोतराच्या पानात गुंडाळलेली युद्धनौका मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरनं खाली वाकून विचारलं, "ये क्या है जी, ताबूत है क्या?" मी सांगितलं, जहाज आहे. तो "हौ" म्हणाला आणि त्यानं आम्हाला पुढच्या बाजूला बसवलं. पण मोहरमच्या ताबुताचं नाव मागच्या लोकांनी ऐकलं होतं. दोन बायांनी उठून हात जोडले. एका म्हाताऱ्यानं नातवाला नौकेखालून काढलं, दृष्ट उतरते म्हणून. हुमनाबाद येईपर्यंत चार पोरं युद्धनौकेखालून गेली आणि आई प्रत्येकाला "बाळा, औक्षवंत हो" म्हणत होती.

पहिल्या रविवारी मी कामाला बसलो. काकांनी एका कागदावर आकडे घालून नकाशा दिला होता. एक नंबरची दोरी कुठून निघते, कुठे अडकते, सगळं लिहिलं होतं. आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला, सुई घेतली, चष्मा पुसला आणि दोन तासांत एक नंबरची दोरी बांधली. आईनं चहाला हाक मारली. मी उठलो आणि युद्धनौकाही माझ्याबरोबर उठली. दोरीचं दुसरं टोक मी माझ्या सदऱ्याच्या बटणाला बांधलं होतं.

आठ दिवस गेले. माझ्या सहा दोऱ्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या चार लोंबत होत्या. मला रात्री झोप येईना. निर्मलाला आठवा मुलगा बघून जाईल आणि तो नक्की गाठी मारणारा निघेल, असं सारखं वाटायचं. मला खरोखर रडू येत होतं. (बावीस पोरांच्या वर्गात रांजण काढताना डोळे भरून आले, तर पोरांना वाटलं वांगं बिघडलं म्हणून सर रडायलेत.)

शेवटी अप्पांनी लक्ष घातलं. अप्पा पोस्टातून निवृत्त झाले होते आणि त्यांना जगात एकच व्यसन होतं. दोरीची बाज विणायचं. आमच्या गल्लीत एकही बाज अशी नव्हती, जी त्यांनी विणलेली नाही. त्यांच्या बाजेवर तांब्या टाकला तर तो टणकन् उडून परत हातात यायचा. त्यांनी माझ्या सहा दोऱ्यांना बोट लावून पाहिलं.

"ह्याला बांधणं म्हणतेत व्हय? धुणं वाळत घातल्यावानी दिसायलंय."

त्यांनी सगळ्या दोऱ्या कापून टाकल्या. काळ्या दोऱ्यात जीव नाही, असं म्हणून बाजारातून पिळाचा सुती दोरा आणला आणि शाळेच्या शाईत बुडवून वाळवून घेतला. मग तीन दिवस ते उकिडवे बसून बांधत राहिले आणि मी शेजारी बसून दोरा कापून देत राहिलो. काय सांगू, काम देखणं झालं! त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दोऱ्या सरळ, गाठी मोहरीएवढ्या. केरसुणीच्या काड्यांचे खांब करून त्यांनी कठडासुद्धा उभा केला. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना मीच बांधल्याचं सांगितलं.

बुधवारी रात्री काम संपलं. काका रविवारी यायचे होते. इथेच थांबलो असतो तर ही आठवण सांगायची वेळ आली नसती.

पण आमच्याकडे एक रीत आहे. शेजारणीनं भाजी दिली तर तिची वाटी रिकामी परत करायची नाही. चिमूटभर साखर का होईना, घालायची. आणि हे तर सोयरिकीचं घर. आईला ती रिकामी युद्धनौका बघवेना. जहाजाच्या मधलं झाकण उचललं की आत पोकळी होती. आईनं गुरुवारी सकाळी, आम्हा दोघांना न सांगता, ती हरभऱ्यांनी काठोकाठ भरली आणि झाकण लावून टाकलं. चांगले टपोरे, चिटगुप्प्याच्या बाजारातले हरभरे. मनात म्हणाली असेल, काकांनी झाकण उघडलं की त्यांना बरं वाटेल.

त्याच दिवशी दुपारी अप्पांनी पाण्याचा तांब्या आणला. बाज विणून झाली की ते तिच्यावर पाणी मारून उन्हात टाकत. नवा दोर भिजला की आक्रसतो आणि बाज तणते. ही त्यांची शेवटची पायरी. ती झाल्याशिवाय त्यांनी जन्मात एकही बाज कुणाच्या ताब्यात दिलेली नाही.

"अप्पा, पाणी?" मी विचारलं.

"जहाज हाय. त्याला पाण्याचं कामून भ्या?"

मी बाजूला सरकलो. त्यांनी अंगठ्यावरून धार धरून सगळ्या दोऱ्यांवरून पाणी फिरवलं, आणि दोऱ्यांवरून ओघळलेलं पाणी निमूटपणे फटींतून आत गेलं. आपल्याला तर कुठे माहीत होतं आत कोण बसलंय ते! तासभर ऊन दिलं. मग कावळे चोची मारतील म्हणून अप्पांनी जहाज उचलून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं, वर ओला पंचा टाकला आणि बजावलं की दोन दिवस कुणी हात लावायचा नाही. दोर बसू द्यायचा.

शुक्रवारी जेवताना कोनाड्यातून आवाज आला. टक्.

"दोर बसायलाय," अप्पा म्हणाले.

शनिवारी दिवसभर टक्, टक् चाललं होतं. अप्पा समाधानानं मान हलवत होते. आयुष्यात इतका बसलेला दोर त्यांनी ऐकला नव्हता. आईही कोनाड्याकडे बघून मनातल्या मनात हसत होती. तिला वाटत होतं, आपलं गुपित कुणाला कळलेलं नाही.

रविवारी दहाच्या बसनं काका आले. हात थरथरायचे म्हणून निर्मला त्यांना धरून बरोबर आली होती. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. आधी जहाज, म्हणाले. अप्पांनी कोनाड्यातून ते दोन्ही हातांनी आणून पाटावर ठेवलं, मी घसा साफ केला आणि पंचा ओढला.

जहाजाची दोन्ही टोकं वर उचलली गेली होती. डोलकाठ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. मधल्या पट्ट्या उसवून तोंडं वासून बसल्या होत्या आणि प्रत्येक फटीतून, प्रत्येक खिडकीतून, तोफांच्या बुडातून पांढरे शुभ्र मोड बाहेर आले होते. एक मोड तर सुकाणूवर चढून पुढची दिशा बघत होता. अप्पांची मात्र एकही गाठ सुटली नव्हती. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागच्या जागी! ते बघून अप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान चमकून गेलेला मी पाहिला, आणि अजून त्यांना त्याबद्दल माफ केलेलं नाही.

आई हळूच म्हणाली की रिकामं कसं द्यायचं, म्हणून अर्धा शेर हरभरे घातले होते. तेव्हा आम्हाला कळलं.

काका पाटासमोर मांडी घालून बसले. त्यांनी एक मोड थरथरत्या बोटांनी उचलून बघितला. अकरा वर्षं त्या माणसानं त्या जहाजाला दिली होती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"वीस वर्सं दर्यावर काढली," काका म्हणाले. "जहाज बुडालेलं बघितलं. जळालेलं बघितलं. उगवलेलं बघितलं न्हाई."

ते उठले आणि चपला शोधू लागले. मला वाटलं, सातवा मुलगा गेला. आता खोटं बोलून तरी काय मिळणार होतं? मी सगळं सांगून टाकलं. मला गाठ मारता येत नाही, खिळा ठोकता येत नाही, रांजणसुद्धा काढता येत नाही. दोऱ्या अप्पांनी बांधल्या, हरभरे आईनं घातले, मी नुसता दोरा कापून दिला, आणि तो सुद्धा दोनदा चुकीचा कापला.

तेवढ्यात विचित्र आवाज आला. मला वाटलं निर्मला रडायला लागली. ती पदर तोंडावर धरून हसत होती. हसता हसता भिंतीला टेकली, मग खाली बसली. काका तिच्याकडे बघत उभे राहिले. एक चप्पल पायात, एक हातात.

"निर्मले, काय म्हणतीस?"

"अण्णा, जहाज तर गेलंच," ती डोळे पुसत म्हणाली. "आता सुपारी तरी फोडून जावा."

काकांनी हातातली चप्पल खाली ठेवली. ते आत आले आणि पहिली जागा दिसली तिथे बसले. ती अप्पांची बाज होती. बसले ते आडवे झाले, आडवे झाले ते घोरायला लागले. जहाज सोडल्यापासून जमिनीवर त्यांना धड झोप लागली नव्हती, असं निर्मलानं आम्हाला सांगितलं. संध्याकाळी चारला उठून त्यांनी सुपारी फोडली, आणि अप्पांकडून एक बाज कबूल करून घेतली. आईनं मोड आलेल्या हरभऱ्यांची उसळ करायची म्हटलं तेव्हा मात्र, रंगाचा वास येतो म्हणून, चौघांनी मिळून तिला अडवलं.

लग्न दिवाळीनंतर नौबादला झालं. भटजींनी मंगळसूत्र माझ्या हातात दिलं आणि बांधा म्हणाले. मी दोन्ही टोकं निर्मलाच्या मानेमागे नेली. माझे हात काकांच्या हातांपेक्षा जास्त थरथरत होते. मागून काकांचा आवाज आला, "मास्तर, तुमी नुसता हात लावा."

गाठ तिच्या मावशीनं मारली. पक्की बसली. सोळा वर्षं झाली, मी आपला नुसता हात लावून आहे.