तीन ओळींचे मामा

जपानच्या बाहेर हायकू लिहिणारा पहिला माणूस ठाण्यात राहत होता आणि तो माझ्या आईचा मामेभाऊ होता, असं मी छातीठोकपणे सांगतो. पुरावा मागू नये. तो माझ्यापाशी नाही आणि मामांपाशीही नव्हता. दुसरं महायुद्ध संपून कल्याणची लष्करी छावणी उठली, तेव्हा तिथलं भंगार बाजारात आलं. शहाणी माणसं त्यातून घोंगड्या आणि पत्र्याचे मग घेऊन आली. मामा एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. त्याला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती, आणि ते कुणी लिहिलं हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण आत तीन-तीन ओळींच्या जपानी कविता होत्या आणि त्या कशा कराव्यात याचे नियम होते. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं, ऋतू कळू द्यायचा, उपमा द्यायची नाही, आणि तिसरी ओळ झाली की गप्प बसायचं. तोवर मामा चारचौघांसारखंच बोलत असत.

पुस्तक आलं आणि त्यांचं बोलणंच आटलं. मामा कोलशेतकडच्या मिठागरांवर कारकून होते. राहायचे आमच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे सकाळचा पहिला चहा आमच्याकडे घेऊन ते कामाला जात. एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना मामींनी विचारलं, "अहो, भाजी कशी झालीय?" मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "भाजीत खडा. कौलावर कावळा. चैत्राची दुपार." मामी म्हणाल्या, "खडा लागला तर काढून टाका ना. कावळ्याला कशाला मध्ये आणताय?" दुसरा कवी असता तर रागावून पानावरून उठला असता. मामांनी घास हातात धरून बराच वेळ विचार केला आणि कबूल केलं, "बरोबर आहे तुझं. कावळा जास्त होतोय." शेजारच्या बारशात सगळे पाळण्यात वाकून "अगदी बापावर गेलाय हो" म्हणत होते, तेव्हा मामांनीही वाकून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "झोपलाय." बाळाच्या आजीने पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

कल्याणच्या एका वाचनालयात कवींची बैठक होती, तिथेही मी त्यांच्यासोबत गेलेलो. आधीच्या कवींनी विरहाची लांबलचक कडवी गाऊन श्रोत्यांना घामाघूम केलं होतं. मामा उठले, तीन ओळी म्हणाले आणि बसले. अध्यक्ष डोळे मिटून मान डोलवायच्या तयारीत होते, ते तसेच राहिले. शेवटी त्यांनी एक डोळा उघडून विचारलं, "पुढे?" मामा म्हणाले, "पुढे काही दिसलं नाही." सगळ्यांत मोठी पंचाईत आत चहा करणाऱ्या माणसाची झाली. मामांची कविता संपली की चहा आणायचा असं त्याला सांगून ठेवलं होतं आणि त्याने अजून स्टोव्हसुद्धा पेटवला नव्हता.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण माझ्या ताईच्या लग्नाची वेळ आली आणि आमच्या घरात मामांची धास्ती बसली. ताईला लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा होता. त्या काळी मुलीला चष्मा म्हणजे स्थळ हातचं गेलंच म्हणून समजायचं. दोन ठिकाणांहून "पत्रिका जुळत नाही" असा निरोप आला होता. पत्रिका आधीच जुळलेल्या होत्या, त्यामुळे काय जुळलं नाही ते सगळ्यांना कळलं होतं. ताईला तर सगळ्यांत आधी कळलं होतं. हल्ली ती आरशासमोर उभी राहायची ती चष्मा काढूनच. मग डोंबिवलीचं स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत नकाशे काढायचा, माणसं साधी वाटत होती. या खेपेला चष्मा दाखवायचाच नाही, असं वडिलांनी ठरवलं. स्वयंपाकघराच्या दारापासून सतरंजीपर्यंत बिनचष्म्याने कसं यायचं याचा ताईने सकाळभर सराव केला. आईने मामांना बजावलं, "दादा, तू मोठा, तू हवास बैठकीला. पण तू फक्त पोहे खायचेस. कळलं ना?" मामांनी मान हलवली.

ताई न अडखळता आली, बसली, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. वडिलांचा चेहरा खुलला. इतक्यात मुलाचे वडील मामांकडे वळून म्हणाले, "आपण कविता करता असं ऐकलंय. एखादी होऊन जाऊ द्या की." मामांनी आईकडे पाहिलं. आईने डोळे मोठे केले. मामांनी बशी खाली ठेवली, घसा साफ केला आणि म्हणाले:

थंडीची सकाळ —
चहाच्या वाफेने झाकोळला
मुलीचा चष्मा

मुलाच्या वडिलांनी सहज विचारलं, "कुठल्या मुलीचा?"

"हिचा," मामा म्हणाले. "आजच पाहिला सकाळी. चहाला समोर बसली होती."

माझ्या वडिलांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात ताईच उठली. सराव केलेली वाट सोडून, भिंतीला हात लावत आत गेली आणि चष्मा घालून बाहेर आली. पुन्हा सतरंजीवर बसली आणि मान वर करून तिने मुलाकडे नीट, सावकाश पाहिलं. इतका वेळ ऐटीत बसलेल्या त्या मुलाने घाईघाईने कॉलर सारखी केली.

मुलाची आई म्हणाली, "काय बघतेस गं?"

"मी अजून यांना पाहिलंच नव्हतं," ताई म्हणाली. "मघाशी नुसता पांढरा शर्ट दिसत होता."

मुलाच्या वडिलांनी बशी बाजूला सारली. मग म्हणाले, "झालं का बघून?"

"हो."

"मग?"

ताई खाली बघत म्हणाली, "चालेल."

आधी मुलाच्या आईला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मुलगा कानापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, "माझंही तेच." माझ्या आईचा जीव भांड्यात पडला. वडील तर इतके सुटल्यासारखे झाले की कुणी न मागता सगळ्यांच्या बशीत पुन्हा पोहे वाढू लागले. मंडळी गेल्यावर ते मामांपुढे उभे राहिले, पण त्यांना रागवावं की पाया पडावं हे ठरवता येईना. मामाच म्हणाले, "मोडलं असतं तर तुम्हाला तोंड दाखवलं नसतं मी. पण पोरीने जन्मभर चाचपडत चहा न्यायचा का हो?"

माघात लग्न झालं आणि ताई डोंबिवलीला गेली. चांगली नांदली. पुढच्या थंडीतही मामा रोज सकाळी चहाला येत, पण त्या थंडीत त्यांनी एकही कविता केली नाही. मी थट्टेने म्हटलं, "काय मामा, जपान बंद पडलं वाटतं?"

मामांनी कपातून वर येणाऱ्या वाफेकडे पाहिलं. "समोर कोणी नाही रे," ते म्हणाले.

आईने त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.