पाटणकर साहेबांचं पुस्तक

विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून कंटाळा येत नाही का रे, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. रेडिओवर मोजकंच बोलायचं असतं ना, मग उरलेलं सगळं किश्श्यांत साठत जातं.

पाटणकर साहेब आमच्या टॉवरचे मुख्य. वैमानिकाशी काय बोलायचं याचं त्यांच्याकडे छापील इंग्रजी पुस्तक होतं, आणि त्यातला शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. नवा असताना मी एका कॅप्टनला म्हणालो, "विंड इज प्लेझंट टुडे."

"हाऊ प्लेझंट?" वरून विचारणा.

वाऱ्याची दिशा आणि वेग सांगायचा असतो हो! साहेब मागेच उभे होते. पहिला मेमो.

दुसऱ्या वेळी धावपट्टीवर एक विमान होतं, म्हणून वरच्याला म्हणालो, "जस्ट टू मिनिट्स." आमच्या नायगावच्या चाळीत दोन मिनिटं म्हणजे अर्धा तास, हे सांगावं लागत नाही. तो गोरा कॅप्टन घड्याळ लावून दोन मिनिटांत हजर! धावपट्टी अजून अडलेली, त्याला पुन्हा वर पाठवावं लागलं. दुसऱ्या मेमोत साहेबांनी लिहिलं, तिसऱ्या वेळी माइक काढून घेऊ, कारकुनी टेबलावर बसा. या माइकसाठी मी तीन वर्षं घासली होती. पार हादरलो.

मग असा सुधारलो की विचारू नका. ऐकलेला हुकूम परत म्हणून दाखवायचा, हा आमचा नियम. बायको म्हणाली, "येताना मेथीच्या दोन जुड्या, नारळ एक." मी म्हणालो, "मेथीच्या दोन जुड्या, नारळ एक."

"वेडावताय होय मला?"

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. एकदा शिवडीचा आणि कॉटन ग्रीनचा असे दोन मोर्चे एकाच नाक्यावर भिडले, मागे कुणी सरेना. मी सरकारी नोकर, घोषणा द्यायची चोरी. पण वाट दाखवायला काय हरकत? एकाच्या हातातला कर्णा घेतला. "शिवडी, जागेवर थांबा. परत म्हणा."

"जागेवर थांबतो!" अख्खी शिवडी म्हणाली.

"कॉटन ग्रीन, पुढे निघा." नाका मोकळा! शिवडीची एक कोळीण म्हणाली, "पुढच्या मोर्चालाबी याच हं, भाऊ." छाती फुगली माझी.

आणि ती सकाळ. विमान चालवायला शिकणारी एक मुलगी एकटीच वर गेली आणि गिरण्यांच्या धुरात वाट चुकली. मी पुस्तकाप्रमाणे तिचं ठिकाण विचारलं, दोनदा. मग नुसतं रडवेलं "आई गं" ऐकू आलं.

साहेब मागेच होते. जाऊ दे माइक, म्हटलं, आणि सरळ मराठीत विचारलं, "बाई, खाली काय दिसतंय?"

"चिमण्या. सगळ्या चिमण्याच."

"म्हणजे परळ-लालबाग. आपलंच गाव. आता ऊन पाठीवर घ्या, दादरची चौपाटी दिसेपर्यंत. मग समुद्र डाव्या हाताला ठेवून सरळ या."

आली. धावपट्टी समोर दिसत होती, पण खाली यायचा तिला धीर होईना. पाटणकर साहेबांनी माझ्या हातातून माइक ओढून घेतला.

"ये गं बाळ," ते म्हणाले, "सावकाश ये. आम्ही आहोत."

ती उतरली. साहेबांनी चष्मा पुसला, नोंदवही पुढे ओढली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: "विमान सुखरूप. संभाषण पुस्तकाप्रमाणे."