फाइलवाली आणि साहेबांचं पत्र

दुर्गजवळच्या रिसालीतल्या आमच्या गल्लीत नववीची पोरं कोचिंगच्या टेस्टमध्ये कुणाला किती मिळाले यावरून भांडत, तेव्हा ही बया दर रविवारी दुपारी एका निळ्या फाइलमध्ये स्वतःबद्दल लिहीत बसायची. आठवड्यात काय वाचलं, काय केलं, कुठे चुकलं. म्हणून ती फाइलवाली. घर आमच्या भिंतीला भिंत लागून, आणि तिचे बाबा नि माझे बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये एकाच शॉपमध्ये, म्हणजे एकाच यंत्रविभागात. सुटका नव्हतीच!

मी एकदा हसले, तर म्हणाली, "कावून हसून राहिली? बारावीत फॉर्म भरतेवेळी तुले आठवन का, नववीत काय केलं ते?" तिला दक्षिणेतल्या एका विद्यापीठात जायचं होतं. तिथे नुसते मार्क पाहत नाहीत, निबंध मागतात, शिक्षकांची शिफारसपत्रं मागतात, हे तिने कुठूनसं शोधून काढलं होतं. मला तेव्हा शिफारसपत्र म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

"पाह्य तिले, जरा पाह्य!" असं आई दिवसातून चारदा म्हणायची. पाहून पाहून माझे डोळे दुखले. मी जळत होते, सरळ सांगते. शेजारच्या मरोदा वस्तीतल्या लहान मुलांना ती गणित शिकवायला लागली, तर पहिल्या दिवशी तिघंच आली. मला कोण आनंद झाला! मग तिची फाइल चोरून उघडली. आत लिहिलेलं, 'आज तिघंच आली. मी लवकर चिडले.' म्हणजे स्वतःची फजितीसुद्धा हिने कामाला लावलेली! वर्षभरात तिथे मुलांना बसायला जागा पुरेना.

बारावीत मीही त्याच विद्यापीठाचा फॉर्म घेतला. तिथे जायचं म्हणून नव्हे, ती एकटी जाऊ नये म्हणून. पण निबंध लिहिता लिहिता माझाही जीव त्यात गुंतला. मला खरंच जावंसं वाटायला लागलं.

शिफारसपत्राची आठवण झाली तेव्हा तीन दिवस उरले होते आणि शाळेला सुट्टी होती. फाइलवालीने तिच्या मॅडमना अकरावीतच सांगून ठेवलेलं. बाबा म्हणाले, "तू टेन्शन नको घेऊ, मी आणतो ना!" आणि आणलंही त्यांनी, शॉपच्या साहेबांकडून, तीन शिक्के मारलेलं. 'या मुलीच्या वडिलांनी बावीस वर्षांत एकही शिफ्ट चुकवलेली नाही. त्यांच्या ताब्यातली यंत्रं सुस्थितीत आहेत. मुलगीही तशीच असावी.'

फाइलवालीने ते वाचलं. हसली नाही. "हे नको पाठवू. चाल, माह्या मॅडमच्या घरी जाऊ, आत्ताच." मला तिची मेहेरबानी नको होती. मी तेच पत्र पाठवलं.

तिला प्रवेश मिळाला, मला नाही. त्या दिवशी मी बाबांवर ओरडले, "तुमच्या त्या चिठ्ठीनं घालवलं माह्यं!" येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पत्र तोंडपाठ म्हणून दाखवणारे बाबा, त्यानंतर त्याचं नाव काढेनासे झाले. जेवताना माझ्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत.

तीन महिन्यांनी तिला सोडायला आम्ही सगळे दुर्ग स्टेशनवर गेलो. गाडी सुटायच्या बेतात असताना बाबा तिच्या खिडकीशी गेले. "बेटा, खरं सांग. माह्या चिठ्ठीनंच गेलं ना पोरीचं?"

"नाही काका," ती म्हणाली. "शिक्षकाची चिठ्ठी पायजे होती. मी हिले मॅडमकडे नेऊन राहिली होती, ही आलीच नाही. तुमची काय चूक?"

मी मान खाली घातली. बाबा मला रागावलेही नाहीत. "म्हणजे माह्यामुळं नाही!" एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. परत येताना रस्ताभर त्यांची बडबड चालू होती.

विद्यापीठाचा हेवा केव्हाच विरला. मी दुर्गच्या कॉलेजात शिकले, बरी शिकले. पण 'तुमची काय चूक?' हे एक वाक्य मलाही ठाऊक होतं. तीन महिने रोज बाबांसमोर जेवायला बसून मी ते बोलले नाही, आणि ती गाडी सुटता सुटता बोलून गेली. त्यासाठी मी तिच्यावर अजून जळते.