ढगाळ दिवसांतला पंखा

आमचे सासरे, आबा, पोट भरलेलं जनावर कधी विकत घेत नसत. बाजारात एडका आवडला तरी म्हणायचे, "उद्या सकाळपतोर उपाशी ठेवा, मग बगतो." मेंढ्यांचा कळप मोडून निमगाव केतकीजवळच्या वस्तीवर शेती सुरू केली तरी घ्यायची वस्तू तिच्या वाईट दिवशी बघायची सवय सुटली नाही. मला सून म्हणून बघायलाही ते मी तापाने फणफणलेली असताना आले होते. तो योगायोग होता म्हणत. माझा विश्वास नाही.

सासूबाईंना दमा होता. दम लागला की तोंडावर वारा हवा, नाहीतर त्या खाटेची दोरी गच्च धरून बसत आणि ओठ काळेनिळे पडत. वीज दिवसातून काही तास, तीही लहर येईल तेव्हा. एरवी मी किंवा आबा पुठ्ठ्याने वारा घालायचो. मी शाळेवर शिकवायला गेले की आबा एकटे. पिकाला पाणी द्यायची बारी अर्धी सोडून धावत यायचे.

आमच्या शाळेतल्या डाळजच्या मास्तरांनी घरावर सोलरची प्लेट बसवली होती. दिवसा बॅटरी भरायची, त्यावर एक लहान पंखा चालायचा. किंमत आबांच्या उरलेल्या सहा मेंढ्यांएवढी.

"आबा, घेऊन टाकू."

"उन्हात कुणीबी पळंल. आभाळ येऊ दे, मग बगू."

"आबा, ते जनावर नाही."

"त्याच्यापायी सहा जनावरं जात्यात न्हवं?"

आमच्याकडे पाऊस कमी, पण आषाढात आभाळ गच्च भरून राहतं. आबा तीन दिवस मास्तरांकडे मुक्कामाला गेले, पंख्यासमोर बसून राहिले. परत आले ते मान हलवतच. "तिसऱ्या दिशी दोन तास फिरला आन् बसला. हिला दम लागतो तो असल्याच दिवसात. न्हाय परवडत."

सासूबाईंनी खाटेवरून तीन दमांत एक वाक्य पुरं केलं. "अवो... दोन तास बी... लई झालं मला."

आबा पुठ्ठा उचलून वारा घालू लागले. मी रोज भांडले. ते रोज म्हणत, "अजून एक आभाळ बगतो." श्रावण गेला, भादवा गेला. सासूबाई बसल्या बसल्या झोपायला शिकल्या. मग एका सकाळी आबा कुणालाही न सांगता सहाही मेंढ्या हाकत बाजारला गेले.

पंखा आला तेव्हा आभाळ निरभ्र होतं. दिवसभर फिरायचा. नवव्या दिवशी, भर दुपारी, लख्ख उन्हात, पंखा जोरात फिरत असताना सासूबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यातच त्या फार थकल्या होत्या. आबा पंख्याकडे बघत बसले. बटण मी बंद केलं.

दिवसकार्य झाल्यावर शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. आबांची पारख पंचक्रोशी मानायची. इकडचं तिकडचं झाल्यावर तात्यांनी हळूच विचारलं, "आबा, पैसं घालण्याजोगं हाय का ओ ते सोलर? आमची आई बी धापा टाकती."

आबांनी वर पाहिलंही नाही.

"घ्या," म्हणाले. "मी पावसाळाभर बगत बसलो, तसं बसू नका."