पंधरावी मुलगी

मे महिना आला की प्रतिभा मॅडमच्या चपला झिजायला लागत. आदिलाबादच्या एका सरकारी डिग्री कॉलेजात त्या सात वर्षं अर्थशास्त्र शिकवत होत्या, तेही गेस्ट म्हणून, म्हणजे जितके तास तितकाच पगार. पंधरा मुलं मिळाली नाहीत तर विषयच बंद होई. त्यामुळे भर उन्हात मॅडम पत्रकं घेऊन गावोगाव हिंडत. एम.ए.ला पहिल्या आलेल्या बाईनं दारोदार मुलं मागावीत, याची सुरुवातीला त्यांना फार लाज वाटे. पुढे लाजही कंटाळली.

यंदा चौदा नावं जमली होती. पंधराव्यासाठी त्या जैनथजवळच्या एका गावात डोमाजींच्या घरी गेल्या. त्यांची शीतल इंटरला, म्हणजे बारावीला, आसपासच्या गावांच्या मंडलात दुसरी आलेली, त्यात अर्थशास्त्राची आवड. काम फत्ते, असं मॅडम धरूनच चालल्या होत्या.

डोमाजींनी चहा पुढे केला. "मॅडम, तिकडं पोरींचं निवासी कॉलेज हाये म्हणतेत. राहणं, जेवण, पुस्तकं, सारं सरकारचं. तुमच्याकडं यायले बायकांले बस फुकट हाये, पण येईन तवा खरी. तुमची पोरगी असती तं तुमी कुठं टाकली असती?"

मॅडमनी चहाचा घोट उगाच लांबवला. एक थाप मारली असती तर वर्षभराची चिंता मिटली असती. डोमाजी मात्र त्यांच्याकडे निवांत बघत होते. या माणसाला फसवणं त्यांच्या जिवावर आलं.

"तिकडंच टाकली असती," त्या म्हणाल्या आणि शीतलचा अर्ज आपल्याच हातानं भरून दिला.

जुलैत यादी लागली. चौदाच. प्रिन्सिपल हळहळले, "एका नावासाठी विषय गेला, मॅडम." मॅडमनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. रडू घरी गेल्यावर आलं.

ऑगस्टमध्ये शीतलचा फोन आला. "मॅडम, इथं सारं चांगलं हाये. पण अर्थशास्त्राले मॅडमच नाही. जागा खाली हाये म्हणतेत. आमी चाळीस जणी नुसत्या बसून राह्यलो."

मॅडमना आधी हसू आलं, मग सरकारचा मनापासून राग आला. फोन कानाशी धरूनच त्या फळीवरचं पुस्तक काढायला उठल्या.

"मॅडम?"

"आता कोण कोण आहे तिथं?"

"साऱ्याच हायेत."

"मग फोन स्पीकरवर टाक, आणि वह्या काढा."