मृगाच्या बहाराचा अभ्यास

आमच्या सौसरकडे संत्र्याचं झाड आणि पोटचं मूल यांत फारसा फरक करत नाहीत. मुलाला जरा कमी जपतात, एवढंच.

बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि जवळच्या रामाकोन्याला आमची छोटी संत्र्याची बाग होती. मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाड तहानेनं कासावीस होतं, मग पाणी मिळालं की फुलांनी भरून जातं. मी पटवारीच्या, म्हणजे तलाठ्याच्या, परीक्षेची तयारी करत होते त्या मे महिन्यात बाबांना वाटलं, हीच पद्धत पोरीलाही लागू पडेल.

"घडीघडी पाणी पेलं का घडीघडी उठा लागते," ते म्हणाले. "अन् उठलं का ध्यान मोडते."

माझ्या खोलीतला माठ स्वयंपाकघरात गेला. सकाळी पाच ते दहा आणि दुपारी बारा ते पाच पाणी बंद. मी मुकाट्यानं ऐकलं, कारण ही परीक्षा गेली तर मला बघायला पाहुणे बोलवायचे, हे घरात ठरून गेलं होतं.

आठवडाभरात शेकडेवारीची साधी गणितं चुकायला लागली. एकच ओळ मी चारदा वाचायची आणि पाचव्यांदा रडायची. कपाळ सारखं ठणकायचं. जेवायला ये म्हणाली म्हणून आईवर खेकसले. आईनं नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरवल्या. काकूला माझ्या मोबाइलमध्ये कोणीतरी मुलगा असल्याची पक्की खात्री झाली. बाबांनी मात्र मेहनत कमी पडतेय असं जाहीर करून दुपारची वेळ सहापर्यंत वाढवली. सगळ्यांनी सगळं विचारलं, पाणी प्यायलीस का एवढं सोडून.

बागेत मात्र बाबा रोज जायचे. पानं हातात घेऊन, उलटीपालटी करून बघायचे. एका संध्याकाळी घाईघाईनं घरी आले आणि आईला म्हणाले, "पानं वाळून राहिली. उद्याच पाणी सोडतो, नाही तं झाड हातचं जाईन."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, झाडाचं पान न् पान पाह्यता. माह्या ओठाले चिरा पडल्या, ते काहून नाही पाह्यलं?"

थोड्या वेळानं माठ माझ्या खोलीत परत आला. बाबांनी स्वतः उचलून आणला होता.

परीक्षेला चारच दिवस उरले होते. त्या चार दिवसांत कपाळाचा ठणका उतरला, रडणं थांबलं, गणितंही जमायला लागली. पण वाया गेलेले दिवस काही हाती आले नाहीत. बागेला भरपूर फुलं आली आणि निकालाच्या यादीत माझं नाव आलं नाही.

ठरल्याप्रमाणे पाहुणे आले. पाण्याचे गिलास ट्रेमध्ये घेऊन मी बैठकीत गेले. मुलाच्या मामांनी हात पुढे केला, तेवढ्यात बाबा माझ्याकडे बघत म्हणाले,

"पहिले तू पे."

आई दारातच थिजली. मी सगळ्यांसमोर उभ्या उभ्या एक गिलास रिकामा केला. मग दुसरा.

पाहुण्यांचा निरोप आलाच नाही. पुढच्या परीक्षेचा फॉर्म बाबा स्वतः भरून आले.